स्वच्छंदतावादी संगीत आणि आधारस्वराचा प्रश्न

युरोपीय संगीताच्या इतिहासात एकोणिसावे शतक हे सामान्यतः स्वच्छंदतावादाचे शतक मानले जाते. या कालखंडाचा परिचय करून देताना बहुधा एकच विधान पुढे केले जाते. अभिजात संगीतकारांनी रचनाबंधाला प्राधान्य दिले आणि त्यांच्यानंतरच्या स्वच्छंदतावाद्यांनी भावनेला, असे ते विधान होय. ते सर्वस्वी असत्य नाही. परंतु त्याने उलगडा काहीच होत नाही. मोझार्टचे संगीत भावनाशून्य आहे असे कोणी म्हणणार नाही, आणि ब्राम्सची बांधणी शिथिल आहे असेही कोणी म्हणणार नाही. शिवाय ज्या काळात ‘रोमँटिक’ हा शब्द संगीताला प्रथम जाणीवपूर्वक लावला गेला त्या काळी तो आज आपण ज्यांना अभिजात म्हणतो त्यांनाच लावला गेला होता. ई. टी. ए. हॉफमन याने 1810 मध्ये लाइप्झिगच्या संगीतविषयक नियतकालिकात बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचे परीक्षण लिहिले. शब्दांचा आधार न घेणारे वाद्यसंगीत हीच सर्वांत रोमँटिक कला होय, असे त्यात प्रतिपादन आहे, आणि हायडन व मोझार्ट यांनाही त्याने त्याच पंक्तीस बसविले आहे. तेव्हा केवळ नामाभिधानावरून शैलीचा बोध होण्यासारखा नाही.

प्रस्तुत लेखात या शैलीचा विकास एका मर्यादित पण निश्चित अंगाने पाहावयाचा आहे. रचना आपल्या आधारस्वराकडे केव्हा, कोणत्या मार्गाने आणि किती विलंबाने परत येते, हे ते अंग होय. स्वच्छंदतावादी संगीत ऐकताना जी उत्कंठा, जी हुरहूर श्रोत्यास जाणवते तिचा बराच मोठा भाग या विलंबातून निर्माण होतो. म्हणजे जिला आपण भावना म्हणून बाजूस काढतो ती बांधणीचेच कार्य असते.

हे समजून घेताना भारतीय संगीताच्या अभ्यासकास एक अडचण येते, आणि तीच त्याला उपयोगीही पडते. आपल्याकडे षड्ज हा तंबोऱ्यावर अखंड वाजत असतो. गायक कोठेही गेला तरी षड्ज त्याला सोडून गेलेला नसतो. युरोपीय संगीतात असा अखंड आधार नाही. तेथे आधारस्वर ऐकू येत नसतानाही श्रोत्याच्या मनात वसत असतो, आणि तो मनात बसविण्याचे कार्य एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या समूहांनी, म्हणजे स्वरसंघातांनी, करावयाचे असते. पंचमावर उभा केलेला स्वरसंघात षड्जाची अपेक्षा उत्पन्न करतो. त्यातील शुद्ध निषाद वरच्या षड्जाकडे ओढ घेतो. ही अपेक्षा पूर्ण झाली की न्यास झाला. ती अपूर्ण ठेवता येते, दुसरीकडे वळविता येते, आणि ज्या स्वराला षड्ज मानले होते त्याचे आसन काढून दुसऱ्याला देताही येते. या शेवटच्या प्रकारास आपण पट्टीबदल म्हणू. पेटीवादकांचा ‘पट्टी’ हा शब्द येथे अगदी चपखल बसतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या सर्व व्यवहाराची एक सुस्थिर पद्धती बसली होती. सोनाटाच्या पहिल्या भागात मूळ पट्टीत एक कल्पना मांडावयाची, तेथून बहुधा पंचमाच्या पट्टीत जाऊन दुसरी मांडावयाची, मध्ये काही काळ भ्रमंती करावयाची, आणि अखेर दोन्ही कल्पना मूळ पट्टीत आणून मिटवावयाच्या. यात प्रवास आहे, पण वाट परिचित आहे. बेथोव्हेनने ही वाट फार लांबविली. तथापि परतीविषयी त्याने श्रोत्यास शंका येऊ दिली नाही, उलट परतीचा क्षण त्याने अधिक प्रचंड केला.

खरा फरक पडला तो शूबर्टमध्ये. गायनगीताच्या क्षेत्रातील त्याचे कर्तृत्व सर्वश्रुत आहे. एकतीस वर्षांच्या आयुष्यात त्याने सहाशेहून अधिक गीते रचली. 19 ऑक्टोबर 1814 रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने गटेच्या ‘फाउस्ट’मधील ग्रेटखेनचे सूत कातताना गाइलेले गीत स्वरबद्ध केले. पियानोवर चरख्याची घरघर अखंड चालू असते. प्रियकराच्या चुंबनाची आठवण येताच चरखा थांबतो, संगीत एका विसंवादी स्वरसंघातावर खिळून राहते. मग हात अडखळत चाक पुन्हा फिरवू लागतो आणि डी मायनरची मूळ पट्टी हळूहळू पुन्हा जमते. येथे परत येणे म्हणजे विसावा नव्हे. ज्या दुःखातून क्षणभर सुटका झाली त्याच दुःखात पुन्हा प्रवेश करणे होय. आधारस्वराला असा अर्थ याआधी क्वचितच मिळाला असेल.

परंतु माझ्या मते शूबर्टची शैली पाहावयाची तर 1828 च्या सप्टेंबरात, मृत्यूपूर्वी दोन महिने, पूर्ण केलेला बी फ्लॅट पट्टीतील पियानोचा सोनाटा पाहावा. आरंभी शांत, जवळजवळ प्रार्थनेसारखी धून येते. ती संपते न संपते तोच अगदी खालच्या सप्तकात, अतिशय मंद आवाजात, जी फ्लॅटवर एक कंप ऐकू येतो. बी फ्लॅटला षड्ज मानले तर हा कोमल धैवत होय. शुद्ध स्वरांच्या त्या वातावरणात त्याला जागा नाही. तो येतो, विरतो, आणि नंतर शांतता पसरते. थोड्याच वेळात तीच धून जी फ्लॅटलाच षड्ज करून पुन्हा वाजते. दुसरी प्रमुख कल्पना त्याच स्वराच्या मायनरमध्ये येते, मात्र लिहिताना त्याला एफ शार्प हे नाव दिलेले असते. पंचमाची रूढ पट्टी येते ती या सर्वांनंतर. म्हणजे एका परक्या स्वराने सबंध भागाचा नकाशा बदलला आहे. पहिल्या भागाच्या शेवटी तो कंप पुन्हा एकदा ऐकू येतो. परतीची वाट येथेही पूर्ण होते, पण जेथून निघालो ते घर आता तितकेसे निर्धास्त वाटत नाही. या सोनाट्यात नाट्यपूर्ण असे काहीच घडत नाही अशी तक्रार कोणी केली तर त्याने तो कंप ऐकलाच नाही असे समजावे.

अशा दूरच्या पट्ट्यांतून फिरणे वाद्यांच्या रचनेवरही अवलंबून असते, याची नोंद येथे केली पाहिजे. मोझार्टच्या काळातील पियानो सुमारे पाच सप्तकांचा, लाकडी सांगाड्याचा, लवकर विरणाऱ्या नादाचा होता. पॅरिस येथील एरार यांनी 1821 मध्ये एकच पट्टी पूर्ण वर येण्यापूर्वी पुन्हा वाजविता येईल अशी यंत्रणा सिद्ध केली; 1825 मध्ये बोस्टनच्या बॅबकॉकने लोखंडी सांगाड्याचे एकस्व घेतले. तारांचा ताण वाढविता आला, नाद भरदार व दीर्घ झाला. पायाखालची कळ दाबून धरली की खालचे स्वर घुमत राहतात आणि त्यांवर वरचे स्वर मिसळत जातात. शोपँचे पियानोलेखन या घुमण्यावाचून कल्पिताच येत नाही. हॉर्न या वाद्याची गोष्ट तर अधिक उद्बोधक आहे. जुन्या हॉर्नमधून एकाच मूलनादाचे उपनाद तेवढे सहज निघत. पट्टी बदलली की नळी बदलावी लागे. 1818 मध्ये श्ट्योल्त्सेल व ब्ल्यूमेल यांनी बर्लिन येथे झडपांच्या यंत्रणेचे एकस्व घेतले आणि हॉर्नला बाराही स्वर मोकळे झाले.

शूबर्टनंतरच्या पिढीने पुढचे पाऊल टाकले. शूमनने 1840 च्या मे महिन्यात हाइनेच्या कवितांवर ‘डिख्टरलीब’ ही सोळा गीतांची माला रचली. क्लारा वीक हिच्याशी विवाह करण्यासाठी तिच्या पित्याविरुद्ध न्यायालयात झगडत असलेला हा संगीतकार त्या एका वर्षात शंभराहून अधिक गीते लिहून गेला. मालेतील पहिले गीत वसंताचे आहे. कळ्या उमलत असता आपल्या हृदयातही प्रेम उमलले आणि आपण आपली ओढ बोलून दाखविली, एवढाच त्याचा आशय. कवितेत दुःखाचा शब्द नाही. परंतु पियानो आरंभापासून एफ शार्प मायनरच्या उंबरठ्यावर रेंगाळतो. गायक मध्येच ए मेजरमध्ये जाऊन प्रसन्न होतो. पियानो त्याला पुन्हा त्या उंबरठ्यावर आणतो आणि गीत तेथेच, पंचमावरील विसंवादी स्वरसंघातावर, थांबते. ज्या एफ शार्पची अपेक्षा सतत जागविली तो आधार म्हणून एकदाही येत नाही. प्रेम सफल होणार नाही हे कवीने अजून सांगितलेले नाही. संगीताने ते सांगून टाकले आहे. शब्द आणि स्वर यांचा हा संबंध ‘भावानुकूल चाल’ या आपल्या परिचित कल्पनेपलीकडचा आहे, कारण येथे चाल शब्दांना अनुकूल नाही. ती त्यांच्यापेक्षा अधिक जाणते.

शोपँने 1839 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चोवीस प्रेल्यूडांत प्रत्येक पट्टीसाठी एक रचना योजली आहे. त्यांपैकी दुसरी ए मायनरची म्हणून गणली जाते. ती सुरू होते ई मायनरवर, आणि ए मायनर निःसंदिग्धपणे ऐकू येतो तो शेवटच्या स्वरसंघातात. चौथ्या प्रेल्यूडमध्ये उजव्या हाताची धून जवळजवळ एका जागी बसून आहे, आणि डाव्या हातातील स्वरसंघात एकेक अर्धांतराने खाली घसरत जातात. स्वरसंघातांना येथे गंतव्यस्थान उरलेले नाही, केवळ उतार आहे.

या वाटेवरचे सर्वांत धाडसी कृत्य म्हणजे वाग्नरचे ‘ट्रिस्टान उंड इझोल्ड’ हे संगीतनाटक. 1857 ते 1859 या काळात ते रचले गेले. व्हिएन्नात सत्तरहून अधिक तालमी होऊनही ते सोडून द्यावे लागले आणि अखेर 10 जून 1865 रोजी म्यूनिक येथे हान्स फॉन ब्यूलो याच्या संचालनाखाली रंगभूमीवर आले. त्याच्या आरंभीचा एफ, बी, डी शार्प, जी शार्प हा स्वरसंघात विख्यात आहे. तो विसंवादी आहे हे विशेष नव्हे. विसंवादी स्वरसंघात बाखनेही विपुल योजले आहेत. विशेष हे की त्या विसंवादाचे निरसन दुसऱ्या, किंचित सौम्य अशा विसंवादात होते. हा दुसरा स्वरसंघात ए या आधाराची अपेक्षा करतो आणि त्यानंतर येते ती निःशब्दता. तीच आकृती वरच्या स्वरांवरून पुन्हा, आणि पुन्हा एकदा. दुसऱ्या अंकातील प्रणययुगुलाचे गान बी मेजरच्या न्यासाशी येऊन पोचते, आणि नेमक्या त्या क्षणी कुर्वेनाल धावत येतो व सारे संगीत एका कर्कश स्वरसंघाताने दुभंगते. न्यास घडतो तो सुमारे चार तासांच्या संगीतानंतर, इझोल्डच्या अंतकाळी. तेथे आरंभीची चढती चार स्वरांची आकृती शेवटची येते आणि बी मेजरमध्ये विरून जाते.

या योजनेमागे वाग्नरने 1854 मध्ये वाचलेले शोपेनहौअरचे तत्त्वज्ञान आहे. वासना कधीच तृप्त होत नाही आणि संगीत हे त्या वासनेचेच साक्षात रूप होय, हा विचार त्याला तेथे मिळाला. शोपेनहौअरला उपनिषदे परिचित होती ती दारा शुकोहच्या फारसी भाषांतरावरून केलेल्या लॅटिन भाषांतरातून. वाग्नरनेही 1856 मध्ये एका बौद्ध कथेवर नाटकाचा आराखडा केला होता. मात्र यावरून ट्रिस्टानला वेदान्ताचे संगीत ठरविण्याचा उत्साह आपण आवरावा हे बरे. त्यात वासनेचा त्याग नाही, तिचा अनंत विस्तार आहे.

1865 याच वर्षी ब्राम्सने व्हायोलिन, पियानो व हॉर्न यांसाठी एक त्रयी लिहिली आणि तीत झडपा नसलेला जुना हॉर्न हवा असे सांगितले. ट्रिस्टानच्या स्वरलेखाच्या प्रारंभी वाग्नरने मुद्दाम टीप देऊन झडपांच्या हॉर्नचा स्वीकार समर्थिला आहे. या दोन सूचनांत त्या काळातील पक्षभेद जितका स्पष्ट दिसतो तितका 1860 च्या ब्राम्सपक्षीय जाहीरनाम्यातही दिसत नाही. तथापि ब्राम्सला केवळ परंपरानिष्ठ ठरविणे हे पक्षाभिनिवेशाचे लक्षण आहे. 1885 मधील त्याच्या चौथ्या सिंफनीचा अंतिम भाग आठ मात्राखंडांच्या एका धुनेवर उभा आहे. ई ला षड्ज मानून तिचे स्वर लिहिले तर सा, रे, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, प, प, सा असे होतात. ती बाखच्या एका कँटाटावरून घेतलेली असून तीव्र मध्यम ब्राम्सने स्वतः घातला आहे. या धुनेची तीस रूपांतरे एकामागून एक येतात. समेवर येण्याची सवय असलेल्या श्रोत्यास येथे आपले काही सापडेल. दर आठ मात्राखंडांनी परत यावयाचेच आहे. परत येणे टाळता येत नाही म्हणून ते दर वेळी निराळे करावे लागते. वाग्नरने विलंबातून जो ताण निर्माण केला तोच ब्राम्सने अटळतेतून केला. श्योनबर्गने पुढे एका निबंधात ब्राम्सला पुरोगामी म्हटले ते उगाच नव्हे.

त्याच 1885 मध्ये वृद्ध लिस्टने पियानोसाठी एक छोटी रचना केली आणि तिला पट्टीविरहित असे सरळ नाव दिले. बी मायनर सोनाट्याचा भव्य विस्तार ज्याने केला होता त्याच्या या अखेरच्या रचना कृश, प्रश्नार्थक, मध्येच थांबणाऱ्या आहेत. परतीचा विलंब येथे इतका वाढला आहे की कोठे परतावयाचे याची स्मृतीच पुसट झाली आहे, आणि ज्या अपेक्षेवर सारी उत्कंठा अवलंबून होती ती अपेक्षाच श्रोत्याच्या मनात उभी राहत नाही. ट्रिस्टानमधील यातना लिस्टच्या या रचनेत नाही. तिची जागा एका कोरड्या विनोदाने घेतली आहे.

श्योनबर्गची दुसरी तंतुवाद्य-चौकडी 21 डिसेंबर 1908 रोजी व्हिएन्नात प्रथम वाजविली गेली. तिचा पहिला भाग एफ शार्प मायनरमध्ये आहे. शेवटच्या दोन भागांत चार वाद्यांना स्त्रीकंठाची साथ मिळते. चौथ्या भागाच्या स्वरलेखात पट्टीदर्शक चिन्हे लिहिलेलीच नाहीत. बारा स्वर कोणत्याही आसनावाचून तरंगत असतात, आणि हा सबंध भाग अखेर अगदी हळू, एफ शार्प मेजरच्या स्वच्छ स्वरसंघातावर येऊन थांबतो.