पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे! क्रिकेटच्या मैदानावर मात्र ही म्हण जपूनच वापरावी.

कांजूरमार्गच्या विनोद कांबळीने १९९३ साली तिसऱ्या व चौथ्या कसोटीत २२४ आणि २२७ धावा काढल्या. पण १९९५ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, तो शेवटची कसोटी खेळला. सतरा कसोटींची सरासरी होती ५४!

उलट बोरिवलीचा रोहित शर्मा. २००७ साली भारतीय संघात आला. २०११ च्या विश्वचषकाच्या संघात मात्र त्याला जागा मिळाली नाही. २०१३ मध्ये सलामीची जागा लाभली आणि पुढच्याच वर्षी एकदिवसीय सामन्यात पठ्ठ्याने २६४ धावा कुटल्या.

तेव्हा पालकहो, चिरंजीवांच्या पहिल्या धावा जरूर मोजा. पण त्याला कोणत्या जागी खेळवले आणि संधी किती मिळाल्या, हेही विचारा.