कॅलरींच्या हिशेबात चॉकलेटचे स्थान

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईला पाणी पुरवण्यासाठी बांधलेल्या पवई तलावाच्या काठी १९५८ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली आणि पुढे हिरानंदानी गार्डन्सच्या उभारणीनंतर निवास, कार्यालये, दुकाने आणि उपाहारगृहे एकाच परिसरात एकवटली. संगणकासमोर बसून दिवसाचा बहुतेक वेळ घालवणारा, सकाळ-संध्याकाळ चालण्याचा नेम सांभाळू पाहणारा आणि कामाच्या ताणात हाताशी येईल ते गोड तोंडात टाकणारा मोठा वर्ग अशा वस्तीत स्वाभाविकपणे तयार होतो. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी छापाव्या लागतात, त्यामुळे कॉफीसोबत मागवल्या जाणाऱ्या ब्राउनीच्या नावापुढे किमतीबरोबर तिचा उष्मांकही वाचायला मिळतो. हा आकडा पाहून काही जण चॉकलेट कायमचे वर्ज्य करतात, तर काही जण आकड्याकडे पाहणेच सोडून देतात. या दोन्ही वाटा टाळता येतात. चॉकलेटला दिवसाच्या हिशेबात आधीच जागा ठरवून दिली आणि ते लक्षपूर्वक खाल्ले, तर आरोग्य आणि आस्वाद या दोहोंचे रक्षण होते, असे आहारशास्त्र आणि मानसशास्त्र यांतील अभ्यासांवरून म्हणता येते.

बालखाद्य ते रोजचा खाऊ

चॉकलेट मराठी घरांत रुळले त्याला फार काळ लोटलेला नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत मूळ असलेल्या कोकोच्या झाडाला लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये ‘देवांचे अन्न’ अशा अर्थाचे ‘थिओब्रोमा’ हे नाव दिले, आणि स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटर याने १८७५ च्या सुमारास दुधाचे चॉकलेट तयार केले. भारतात कॅडबरी कंपनीने १९४८ मध्ये व्यवसाय सुरू केला तो चॉकलेटे आयात करून येथे वेष्टनात भरून विकण्याच्या स्वरूपात. पुढे तिने ठाण्यात कारखाना उभारला आणि त्या भागातील चौक आजही कॅडबरी जंक्शन म्हणूनच ओळखला जातो. १९९० च्या दशकापर्यंत चॉकलेट हा प्रामुख्याने लहान मुलांचा खाऊ मानला जात असे. क्रिकेटच्या मैदानात धावत जाऊन नाचणाऱ्या तरुणीची त्या दशकातील जाहिरात आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या जाहिराती प्रौढांना उद्देशून होत्या, आणि दिवाळीच्या भेटीत मिठाईच्या डब्याशेजारी चॉकलेटचा खोका येऊ लागला. याचा आहारावर झालेला परिणाम महत्त्वाचा आहे, कारण सणावाराची मिठाई ठरावीक दिवशी केली आणि वाटली जात असल्यामुळे तिच्या प्रमाणाला पंचांगाचा आणि कुटुंबाचा आपोआप लगाम होता, तर बारा महिने, कार्यालयाच्या खणातही मावणाऱ्या चॉकलेटला असा कोणताही बाह्य लगाम नाही. तो खाणाऱ्यालाच घालावा लागतो.

आकडा कोठून येतो

एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक कॅलरी. परंतु आहाराच्या संदर्भात जिला सर्रास कॅलरी म्हटले जाते ती प्रत्यक्षात किलोकॅलरी, म्हणजे एक किलो पाण्यासाठी लागणारी उष्णता असते, आणि या लेखातही तो शब्द त्याच रूढ अर्थाने वापरला आहे. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर अॅटवॉटर याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी केलेल्या प्रयोगांतून असे ठरले की कर्बोदके आणि प्रथिने यांच्या प्रत्येक ग्रॅमपासून शरीराला सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर तूप, तेल, लोणी यांसारख्या स्निग्ध पदार्थांच्या प्रत्येक ग्रॅमपासून सुमारे ९ कॅलरी मिळतात. वेष्टनांवर आणि मेनूंवर दिसणारे बहुतेक आकडे आजही याच गुणकांवर आधारलेले असतात.

दुधाच्या १०० ग्रॅम चॉकलेटमध्ये साधारणपणे ३० ग्रॅम स्निग्धांश, ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके आणि ७ ते ८ ग्रॅम प्रथिने असतात. गुणकांनी हिशेब केल्यास स्निग्धांशातून २७०, कर्बोदकांतून २४० आणि प्रथिनांतून ३० अशा सुमारे ५४० कॅलरी होतात. शिजवलेल्या भातात पाणी बरेच असल्यामुळे त्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १३० कॅलरी असतात, तर चॉकलेटमध्ये पाणी जवळजवळ नसतेच. याचा अर्थ चॉकलेट हा ऊर्जेची घनता अतिशय जास्त असलेला पदार्थ आहे, म्हणजे पोटात जागा थोडी व्यापूनही तो ऊर्जा पुष्कळ देतो, आणि म्हणून त्याच्या बाबतीत पोट भरल्याची जाणीव होईपर्यंत थांबणे उपयोगाचे नसते. मात्र याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की २० ग्रॅमच्या तुकड्यांतून सुमारे १०८ कॅलरीच मिळतात, ज्या बिनतुपाच्या एका मध्यम चपातीच्या जवळपास जातात. एवढ्या जागेसाठी कोणताही समंजस आहार मोडत नाही.

काळ्या, म्हणजे कोकोचे प्रमाण अधिक असलेल्या डार्क चॉकलेटविषयी एक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक आहे. ७० ते ८५ टक्के कोको असलेल्या चॉकलेटमध्ये साखर दुधाच्या चॉकलेटच्या निम्म्याच्या आसपास असते, परंतु कोकोचे लोणी, म्हणजे कोकोच्या बियांतील नैसर्गिक स्निग्धांश, अधिक असल्यामुळे १०० ग्रॅममागे कॅलरी सुमारे ६०० पर्यंत जातात. साखर कमी हवी असेल तर हा पर्याय चांगला. कॅलरी कमी होतील या अपेक्षेने तो दुप्पट खाल्ला तर नुकसानच होते. ‘शुगर फ्री’ चॉकलेटमध्येही साखरेच्या जागी माल्टिटॉलसारखे पदार्थ वापरले जातात, ज्यांत साखरेच्या निम्म्याहून थोड्या अधिक कॅलरी असतात आणि जे जास्त प्रमाणात खाल्ल्यास पोट बिघडवतात. त्यातील स्निग्धांश तर तसाच राहतो.

वेष्टन वाचण्याची रीत

भारतीय नियमांनुसार वेष्टनावर १०० ग्रॅममागील ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण व संतृप्त स्निग्धांश आदी माहिती देणे बंधनकारक आहे, आणि एका वेळच्या वाढणीतून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग पुरा होतो हेही सांगावे लागते. ही टक्केवारी २००० कॅलरी, ६७ ग्रॅम स्निग्धांश, २२ ग्रॅम संतृप्त स्निग्धांश आणि ५० ग्रॅम वरून घातलेली साखर या ठरावीक प्रमाणांवर काढलेली असते. वाचकाने येथे दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली अशी की कंपनीने ठरवलेली वाढणी आणि प्रत्यक्षात खाल्ला जाणारा भाग यांत तफावत असू शकते, म्हणून १०० ग्रॅमच्या रकान्यावरून स्वतःच्या तुकड्याचा हिशेब करणे अधिक विश्वासार्ह ठरते. दुसरी अशी की २००० हा आकडा सर्वांना लागू होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींप्रमाणे बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाची दैनंदिन गरज सुमारे २११० कॅलरी आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीची सुमारे १६६० कॅलरी मानली जाते. पवईतील कार्यालयात दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या स्त्रीसाठी वेष्टनावरील टक्केवारी त्यामुळे प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार वरून घातलेल्या साखरेबरोबरच मध व फळांचे रस यांतील साखर धरून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि शक्य झाल्यास ५ टक्क्यांपर्यंत खाली आणावी. १६६० कॅलरींच्या दिवसात ही मर्यादा अनुक्रमे सुमारे ४१ आणि २१ ग्रॅम होते. दुधाच्या २० ग्रॅम चॉकलेटमध्ये १० ते ११ ग्रॅम साखर असते, तर दोन-दोन चमचे साखर घातलेल्या तीन कप चहातून २५ ग्रॅमच्या आसपास साखर सहज पोटात जाते. चॉकलेट सोडल्याचे समाधान मानून कार्यालयातील चहा आणि त्यासोबतची बिस्किटे मात्र हिशेबाबाहेर ठेवणे किती फसवे आहे, हे या तुलनेवरून ध्यानात येते. चहातील साखर एका चमच्यावर आणली तर चॉकलेटच्या तुकड्याला लागणारी जागा आपोआप मोकळी होते.

भारतीय शरीर आणि मर्यादेचे कारण

मर्यादा का पाळायची, याचे एक महत्त्वाचे उत्तर पुण्यातील संशोधनाने दिले आहे. के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.३ इतका सारखा होता. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्या बाबतीत ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या बाबतीत २१.२ टक्के आढळले. दिसायला सडपातळ पण आतून चरबी अधिक असलेल्या या भारतीय शरीररचनेमुळे मधुमेहाचा धोका कमी वजनातही संभवतो, आणि म्हणूनच भारतीयांसाठी २३ च्या पुढचा निर्देशांक जादा वजनाचा मानला जातो व कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगितले जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचा अंदाज मांडला गेला. ‘वजन तर वाढत नाही, मग काय हरकत’ हा युक्तिवाद या पार्श्वभूमीवर टिकत नाही.

आस्वादाचे शास्त्र

मर्यादा आणि आनंद परस्परविरोधी नाहीत, हे समजण्यासाठी चॉकलेटची घडण पाहावी लागते. कोकोचे लोणी सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत गोठू शकते आणि उत्पादक नियंत्रित तापमानात चॉकलेट घोळून त्यांतील जे रूप साधतात ते सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे बोटांत घट्ट राहून जिभेवर विरघळते. वितळतानाच त्याचा सुगंध मोकळा होऊन घशामागून नाकापर्यंत पोहोचतो आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग याच सुगंधाचा असतो. तुकडा चावून गिळून टाकला की कॅलरी पूर्ण मिळतात, परंतु या सुगंधाचा बराच भाग वाया जातो.

एकच पदार्थ खात गेल्यास त्याचा आनंद प्रत्येक घासागणिक ओसरत जातो, ही गोष्टही प्रयोगांनी दाखवली आहे. डेना स्मॉल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चॉकलेटप्रेमींना तुकड्यामागून तुकडा खायला देऊन मेंदूतील रक्तप्रवाहाचे मापन केले, तेव्हा सुखापासून नकोशा वाटण्यापर्यंतच्या प्रवासात मेंदूतील वेगवेगळे भाग क्रियाशील होत गेल्याचे दिसले. सर्वाधिक आनंद पहिल्या काही तुकड्यांत असतो आणि पुढच्या तुकड्यांत कॅलरी तेवढ्याच राहतात. दुसरीकडे, जेनेट पोलिव्ही आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगात आठवडाभर चॉकलेट वर्ज्य करायला लावल्यावर, एरवी आहारावर कडक बंधने घालणाऱ्या व्यक्तींनीच संधी मिळताच ते अधिक खाल्ले. संपूर्ण बंदी हा मर्यादेचा खात्रीचा मार्ग नाही, असा याचा व्यावहारिक अर्थ आहे.

चॉकलेटला औषध ठरवून मर्यादा सैल करणेही तितकेच चुकीचे आहे. कोकोतील फ्लॅव्हनॉल नावाच्या द्रव्यांचा रक्तवाहिन्यांशी संबंध तपासणाऱ्या आणि २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ‘कॉसमॉस’ या अमेरिकी चाचणीत २१ हजारांहून अधिक ज्येष्ठ व्यक्ती सहभागी होत्या. हृदयविकाराच्या एकूण घटनांत निर्णायक घट सिद्ध झाली नाही, मात्र हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंत घट आढळली. शिवाय त्यांना रोज दिलेले ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल हे कॅप्सूलमधून दिलेले होते. चॉकलेट खावे ते चवीसाठी, आणि तेवढे कारण पुरेसे आहे.

रोजच्या व्यवहारात

घरखर्चात हौसेची रक्कम महिन्याच्या सुरुवातीलाच वेगळी काढली की ती खर्च करताना अपराधी वाटत नाही, तसेच आठवड्यातून तीन-चार दिवस २० ग्रॅम चॉकलेट असे प्रमाण आधीच ठरवावे. मोठी वडी घरी आणल्यास तिचे तुकडे वजन करून वेगळे ठेवावेत आणि उरलेला भाग कामाच्या टेबलावर न ठेवता स्वयंपाकघरात बंद डब्यात ठेवावा. जेवणानंतर, भूक शमलेली असताना, संगणक आणि फोन बाजूला ठेवून तुकडा जिभेवर विरघळू द्यावा, कारण लक्ष दुसरीकडे असताना किती खाल्ले याची नोंद मन ठेवत नाही. तलावाकाठी चालून खाल्लेले फेडता येते हा समजही तपासून घ्यावा: ६५ किलो वजनाच्या व्यक्तीचे अर्धा तास झपझप चालण्यात सुमारे १०० ते १२० कॅलरी खर्च होतात, आणि त्यांतील काही तर ती नुसती बसून राहिली असती तरी खर्च झाल्याच असत्या. चालणे हृदयासाठी, स्नायूंसाठी आणि रक्तातील साखरेसाठी अमूल्य आहे. त्याला शिक्षेचे रूप देऊ नये.

मधुमेही व्यक्तींनी आणि गर्भवती स्त्रियांनी आपले प्रमाण डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ यांच्याकडून ठरवून घ्यावे. ज्यांना खाण्याविषयी सतत भीती किंवा अपराधी भाव वाटतो, त्यांनी कॅलरींची नोंद ठेवणे थांबवून आधी तज्ज्ञांची मदत घ्यावी, कारण आकडे मोजण्याचा हेतू जगणे सोपे करण्याचा आहे. ज्याला वेष्टन वाचता येते, स्वतःची गरज ठाऊक असते आणि पहिल्या दोन तुकड्यांतच आनंदाचा मोठा वाटा असतो हे उमगलेले असते, त्याला चॉकलेटला घाबरण्याचे कारण उरत नाही. अशी जाण लहानपणापासून घराघरांत दिली गेली, तर येणाऱ्या पिढीला बंदी आणि अतिरेक यांच्यात हेलकावे खावे लागणार नाहीत.