मोटर थकली, तर नळ्या मोकळ्या ठेवा

आज अशा दुखण्याविषयी बोलू, ज्याचं नाव ऐकूनच घर हादरतं. डॉक्टर त्याला ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात. याचा अर्थ हृदय बंद पडलं असा नाही. ते अशक्त किंवा ताठर झालंय, शरीराला लागेल तेवढं रक्त त्याच्याने ढकलवत नाही. म्हणून दम लागतो, पाय सुजतात, रात्री उशाखाली आणखी एक उशी घ्यावी लागते.

आपल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत ड्रिप असतं. मोटर कमजोर झाली आणि त्यात नळ्याही आवळल्या, तर शेवटच्या वेलीला पाणी पोचेल का? शरीरातही तेच होतं. रक्त कमी पडतंय असं समजून शरीर रक्तवाहिन्या आवळतं, मीठ-पाणी साठवतं. थकलेल्या हृदयावरचा भार आणखी वाढतो.

गोळ्या इथेच कामाला येतात. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्या वाहिन्या आवळणारं रसायन तयार होऊ देत नाहीत. मेटोप्रोलॉल हृदयाची धावपळ कमी करते. फ्युरोसेमाइड साठलेलं पाणी लघवीवाटे काढते. आमच्या गटातल्या एका ताईंनी सूज उतरली म्हणून गोळ्या सोडल्या. आठ दिवसांत पुन्हा दम लागला, दवाखान्यात भरती व्हावं लागलं. बरं वाटतंय ते गोळीमुळेच, हे विसरू नका. कोरडा खोकला किंवा चक्कर आली तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलतील. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर तेही आधीच सांगा. एनालाप्रिल, रॅमिप्रिल गरोदरपणात चालत नाहीत. आणि कंबर दुखते म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक आणून घेऊ नका, त्याने अंगात पाणी साठतं.

आता चालण्याचं. रक्तवाहिनीला आतून पातळ अस्तर असतं. चालताना रक्त जोरात वाहतं, तेव्हा हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं आणि वाहिनी सैल होते. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. हृदय थकलं की अस्तरही सुस्तावतं. नेमाने चालल्यावर ते पुन्हा कामाला लागतं. अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्समधल्या २३३१ रुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. औषधं चालू ठेवून केलेला व्यायाम त्यांना सोसला, आणि रोजचं जगणं थोडं सुकर झालं.

तुम्ही म्हणाल, शेतात राबतो तो व्यायामच की! पण श्वास रोखून क्रेट उचलणं वेगळं आणि एका लयीत चालणं वेगळं. डॉक्टरांना विचारून पाच-दहा मिनिटांनी सुरुवात करा, हळूहळू अर्ध्या तासापर्यंत न्या. चालताना बोलता आलं पाहिजे. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबा आणि १०८ ला फोन करा. रोज सकाळी वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर दवाखाना गाठा. पुढच्या तपासण्यांसाठी नाशिकला संदर्भ सेवा रुग्णालय आहे.

गटाच्या मासिक बैठकीत हप्त्यासोबत एक प्रश्न विचारत जाऊ: “गोळ्या संपल्या तर नाहीत ना?” पैशांमुळे अडलं असेल, तर अंतर्गत कर्ज त्यासाठीच आहे.