परदेशातील नियोजित उपचार आणि सार्वजनिक आरोग्यविमा

सार्वजनिक आरोग्यविम्याचा निधी एका देशात गोळा होतो व सामान्यतः त्याच देशात खर्ची पडतो. अशा निधीवर हक्क असलेल्या रुग्णाने ठरवून परदेशात शस्त्रक्रिया करून घेतल्यास खर्च कोणी सोसावा? युरोपीय संघाच्या कायद्याने या प्रश्नाची दोन उत्तरे दिली असून ती परस्परांहून भिन्न आहेत. प्रवासात अकस्मात उद्भवलेल्या आजारासाठी असलेले युरोपीय आरोग्यविमा कार्ड येथे उपयोगी पडत नाही, हे आरंभीच ध्यानात घ्यावयास हवे.

पहिला मार्ग 2004 च्या 883 क्रमांकाच्या विनियमातील कलम 20 चा होय. रुग्णाने आपल्या विमासंस्थेची पूर्वसंमती घ्यावयाची. ती मिळाल्यास 'एस-2' हे प्रमाणपत्र हाती येते. त्यायोगे परदेशातील सार्वजनिक व्यवस्था त्याला स्वतःच्या विमेदाराप्रमाणे वागविते, खर्चाचा हिशेब संस्था आपसांत पुरा करतात, आणि स्थानिक रुग्णाला जो वाटा भरावा लागतो तेवढाच त्याला भरावा लागतो. उपचार स्वदेशातील कायदेशीर लाभांत मोडत असेल आणि वैद्यकीय दृष्ट्या समर्थनीय अशा मुदतीत तेथे मिळत नसेल, तर संमती नाकारता येत नाही.

'समर्थनीय मुदत' म्हणजे काय, हाच वादाचा गाभा आहे. इंग्लंडमधील एका वृद्धेने खुब्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी प्रतीक्षायादीत न थांबता फ्रान्सची वाट धरली. 2006 साली युरोपीय न्यायालयाने असा निर्णय दिला की, प्रतीक्षायादी ठेवणे गैर नाही. परंतु केवळ यादीकडे बोट दाखवून नकार देता येणार नाही. रुग्णाची प्रकृती, पूर्वेतिहास, वेदनेची तीव्रता, अपंगत्वाचे स्वरूप व आजाराचा संभाव्य क्रम यांचे वस्तुनिष्ठ परीक्षण झालेच पाहिजे. पुढे 2014 साली रुमानियातील एका प्रकरणात, औषधे व प्राथमिक साहित्य यांच्या अभावी उपचार वेळेत होऊ शकत नसेल तर तेही संमतीस पुरेसे कारण ठरते, असे न्यायालयाने सांगितले. मात्र देशातील सर्व समर्थ रुग्णालयांचा विचार करूनच ते ठरवावयाचे.

दुसऱ्या मार्गाचा उगम 1998 च्या निर्णयात आहे. लक्झेंबर्गमधील एका पित्याने मुलीच्या दातांवरील उपचारासाठी जर्मनीतील दंतवैद्य निवडला होता. विमेदाराला परदेशी वैद्याची सेवा घेण्यापासून परावृत्त करणारी पूर्वसंमतीची अट सेवास्वातंत्र्याच्या आड येते, असे न्यायालयाने ठरविले. याच विचारातून 2011 चा 24 क्रमांकाचा निर्देश सिद्ध झाला. त्यानुसार खाजगी रुग्णालयही निवडता येते. पूर्वसंमतीची अट मुख्यत्वे रात्रभर मुक्कामाच्या अथवा अतिविशेष साधनांच्या उपचारांपुरतीच ठेवता येते. परंतु खर्च रुग्णाने आधी करावयाचा असतो आणि भरपाई स्वदेशातील दरापर्यंतच मिळते. समजा, स्वदेशातील दर 6,000 युरो व परदेशातील देयक 8,000 युरो असेल, तर 2,000 युरो रुग्णाच्या माथी येतात.

येथे तत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. दुसरा मार्ग निवडीचे स्वातंत्र्य अधिक देतो; पण ते ज्याच्या गाठीस पैसा आहे त्यालाच खऱ्या अर्थाने उपभोगता येते. पहिला मार्ग निर्धनालाही खुला आहे. पण त्याच्या दारावर संमतीचा पहारा आहे. हा पहारा सर्वस्वी अन्याय्य म्हणता येणार नाही, कारण रुग्णांचा अनियंत्रित ओघ बाहेर गेल्यास मागे राहणाऱ्यांची रुग्णालये दुर्बल होतील. तथापि, निधीच्या रक्षणाचे कारण पुढे करताना ज्याच्यासाठी निधी उभारला त्या रुग्णाच्या वेदनेचे मोजमाप टाळता येणार नाही, हेच या न्यायनिर्णयांचे सार होय.