यंत्रव्यवस्थेतील शब्दयोजना

माणसाचे काम व त्या कामाची साधने यांचा मेळ कसा घालावा, याचा विचार करणाऱ्या शास्त्रास ‘एर्गॉनॉमिक्स’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘एर्गॉन’ म्हणजे काम व ‘नोमॉस’ म्हणजे नियम. आसनाची उंची, तबकडीवरील आकडे, कळींची जागा हे त्याचे परिचित विषय होत. भाषा हेही असेच एक साधन आहे, ही गोष्ट मात्र भाषाभ्यासकांच्याही फारशी ध्यानी येत नाही.

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन बी-१७ विमानांत चाके आत घेण्याची कळ व पंखांचे फ्लॅप हलविण्याची कळ शेजारी-शेजारी असून दिसावयास सारख्याच होत्या. जमिनीवर उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकेच आत घेतली जात, आणि दोष वैमानिकाच्या माथी येई. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने एका कळीस चाकाचा व दुसरीस पाचरीचा आकार देण्याचा उपाय सुचविला. फरक हातालाच कळू लागला.

एकच शब्द दोन कामांसाठी वापरला जातो, तेव्हा नेमकी हीच स्थिती उद्भवते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. नियंत्रकाने के.एल.एम.च्या विमानास उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला होता. त्या वाक्यात ‘टेक-ऑफ’ हा शब्द आला होता. प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी ही निराळी गोष्ट असते, व ती दिलीच गेली नव्हती. मार्गाचा पुनरुच्चार करून सहवैमानिक ‘वुई आर नाऊ ॲट टेक-ऑफ’ अशा आशयाचे बोलला. नियंत्रकास वाटले, विमान उड्डाणासाठी सज्ज उभे आहे. वस्तुतः ते धावू लागले होते. डच भाषेत चालू क्रिया दाखविताना ‘-शी, -पाशी’ या अर्थाचे अव्यय व धातूचे नामरूप यांची योजना होते. त्या वळणाची छाया या इंग्रजी वाक्यावर पडली असावी, असा एक तर्क आहे. (घरातून पाऊल न टाकताच ‘निघालोच’ म्हणणाऱ्या मराठी माणसास यात नवल वाटू नये.) नियंत्रक ‘ओके’ म्हणाला आणि किंचित थांबून ‘थांबा, मी सांगेन’ असे त्याने जोडले. त्याच क्षणी पॅन ॲमचे विमान आपण अजून धावपट्टीवर असल्याचे कळवीत होते. दोन्ही संदेश एकमेकांत मिसळले. डच वैमानिकांच्या कानी ‘ओके’नंतर मुख्यतः कर्कश शीळ आली.

पुढे ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना वा ती मागे घेतानाच वापरावा, अन्यत्र ‘डिपार्चर’ म्हणावे, असा नियम झाला. चाक व पाचर यांचाच हा शाब्दिक अवतार होय.

तथापि कळीला मातृभाषा नसते, बोलणाऱ्यास असते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर झालेल्या टकरीत ३४९ जण मरण पावले. चौकशीत कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीखाली उतरल्याचे ठरले; वैमानिकाचे अपुरे इंग्रजीही नोंदले गेले. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने भाषिक पात्रतेच्या सहा पायऱ्या ठरवून चौथी किमान मानली. उच्चार, रचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन व संवाद या सहा अंगांनी परीक्षा होते. शांत खोलीत घेतलेली आकलनाची कसोटी शिळेने भरलेल्या कर्णयंत्रात कितपत खरी उतरेल, हे तपासण्याचे काम भाषाशास्त्राने मानसशास्त्रावर सोडून देऊ नये.