जिन्याखालचे मांजर कुणाचे?

जिन्याखालच्या अडगळीत मांजरी व्याली की चाळीत दोन पक्ष पडतात. एक पक्ष वाटीत दूध घेऊन धावतो. दुसरा म्हणतो, ''पोत्यात घाला आणि मच्छीबाजारात सोडून या.'' रात्रपाळी करून आलेल्या माणसाला मांजरांच्या ओरडण्याने दिवसा झोप लागत नाही. दारातली घाण कोणी काढायची यावरून शेजारणी एकमेकींशी बोलायच्या बंद होतात. आणि संध्याकाळी मांजरांना दोन घास घालणारी जी एक मावशी असते, सगळ्यांचा राग तिच्यावर निघतो. ''तुमची मांजरे आवरा!''

खरे पाहता ती मांजरे मावशीची नाहीत. ती कुणाचीच नाहीत. म्हणूनच हा प्रश्न एकट्या मावशीचा नसून सगळ्या चाळीचा आहे.

कोणी म्हणेल, इथे माणसांचे भागताना मारामार, तिथे मांजरांचे लाड कशाला? हे चोचले श्रीमंतांनी करावेत! हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. परंतु आपण येथे लाडाविषयी बोलतच नाही. बंगल्यातल्या मांजराला डॉक्टर मिळतो, वस्तीतल्या मांजराला पोते मिळते. आणि घाण, भांडणे, मेलेली पिल्ले हे सारे आपल्याच दारात राहते. आज काहीच न करण्याची किंमत आपण मोजतोच आहोत. तीच मेहनत थोडी विचाराने केली तर मांजरांचे हाल थांबतील आणि आपलेही.

पोत्याने प्रश्न सुटतो का?

मांजरे पोत्यात भरून दूर सोडली तरी जिन्याखालची जागा तशीच राहते. उघडा कचरा, उंदीर आणि आडोसा असेपर्यंत थोड्याच दिवसांत दुसरी मांजरे येतात. सोडलेले मांजर मात्र अनोळखी जागी उपाशी फिरते, तिथल्या बोक्यांकडून मार खाते किंवा गाडीखाली जाते. आईपासून तोडलेली पिल्ले तर बहुधा जगतच नाहीत.

हे कायद्यालाही धरून नाही. जनावराला यातना होतील अशा रीतीने नेणे किंवा उपासमार होईल अशा ठिकाणी टाकून देणे हा 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे. विष घालून मारणे त्याहून गंभीर आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली त्यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सजीवांविषयी दया बाळगणे हे आपल्या संविधानात नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून 1976 साली लिहिले गेले आहे.

हिशेब करून पाहा

मांजरी साधारण चार-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. सुमारे नऊ आठवड्यांत ती विते. एका वेळी तीन ते पाच पिल्ले होतात आणि ती अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. वर्षातून दोनदा चार-चार पिल्ले धरली तरी एका मांजरीची आठ होतात. त्यातली बरीच भुकेने आणि रोगाने मरतात. उरलेल्या माद्या सहा महिन्यांत स्वतः आया होतात.

यावर खरा उपाय एकच. मांजरे पकडून त्यांची नसबंदी करायची आणि पुन्हा त्याच जागी सोडायची. हे ऑपरेशन भूल देऊन होते. नसबंदीनंतर मादीचे माजावर येऊन ओरडणे थांबते. बोक्यांच्या मारामाऱ्या आणि उग्र वासाचे मुतणे बरेच कमी होते. ओळख राहावी म्हणून बहुधा डाव्या कानाचे टोक भुलीतच किंचित कापतात. असा कान दिसला की त्या मांजराला पुन्हा पकडायचे कारण नाही.

मुंबई आणि पुणे महापालिकांनी कुत्र्यांबरोबर मांजरांच्या नसबंदीचेही काम अलीकडच्या वर्षांत हाती घेतले आहे. आपल्या वॉर्ड ऑफिसात किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. मुंबईकरांना परळचे 'बैलघोडा हॉस्पिटल' ठाऊक आहेच. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे हे जनावरांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून गिरणगावाच्या शेजारी उभे आहे. जाण्याआधी खर्च, वेळ आणि मांजराला किती तास उपाशी ठेवायचे हे विचारून घ्यावे. त्याच वेळी रेबीजची लस टोचता येईल का, तेही विचारावे.

पकडायचे कसे?

बुजऱ्या मांजराला हाताने धरू नये. ते हमखास चावते. संस्थेकडून किंवा दवाखान्यातून पिंजरा मिळतो का पाहावे. आदल्या दिवशी खाणे बंद ठेवावे आणि पिंजऱ्यात थोडे सुकट किंवा बोंबील ठेवावेत. मांजर आत गेले की पिंजऱ्यावर जुनी चादर टाकावी. अंधारात ते शांत होते. ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस पिंजरा घरातल्या शांत कोपऱ्यात ठेवावा आणि मग मांजर जिथून आणले तिथेच सोडावे. पिल्ले अंगावर पीत असतील तर ती आपले आपण खाऊ लागेपर्यंत आईला नेऊ नये.

दोन महिन्यांच्या आतली पिल्ले माणसाळतात. त्यांच्यासाठी घर शोधता येते. मोठे झालेले रानटी मांजर मात्र मांडीवर येत नाही. त्याच्यामागे लागू नये. त्याला पोटाला मिळावे आणि कोणी दगड मारू नये, एवढे पुरे.

खाणे आणि स्वच्छता

भगिनींनो, मांजराला दूध-चपाती घालणे ही आपली जुनी सवय. पण गाई-म्हशीचे दूध बऱ्याच मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. त्यापेक्षा मासळी साफ करून उरलेली डोकी उकडावीत, काटे काढावेत आणि भातात कालवावीत. त्यात मीठ, मसाला, कांदा, लसूण घालू नये. शेजारी स्वच्छ पाण्याची वाटी ठेवावी.

खाणे एकाच जागी आणि एकाच वेळी घालावे. ती जागा जिन्यापासून आणि मुलांच्या खेळण्यापासून दूर असावी. अर्ध्या तासाने भांडी उचलावीत, नाहीतर उंदीर-झुरळे येतात. कोपऱ्यात वाळूचा खोका ठेवला तर मांजरे तिथेच घाण करतात. ती रोज काढावी. गरोदर बाईने मात्र ते काम करू नये, त्यातून पोटातल्या बाळाला बाधणारा रोग होऊ शकतो.

दोन गोष्टी विसरू नका. फिनेल मांजराला विषारी आहे, म्हणून ते बसते त्या जागी टाकू नये. आणि आजारी मांजराला आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. एका गोळीनेही ते मरू शकते.

मांजर चावले किंवा ओरबाडून रक्त आले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी महापालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात जावे. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. सांगितलेली सगळी इंजेक्शने घ्यावीत.

घंटा कोणी बांधायची?

मांजर आडवे गेले म्हणून कामावर जाताना थबकणारे, काळे मांजर दिसले की दगड उचलणारे आपल्यात अजून आहेत. मांजर आडवे जाते, कारण त्याला पलीकडे जायचे असते. बाकी सारे आपल्या मनातले भय. मोठ्यांनी उचललेला दगड मुले पाहतात आणि उद्या तोच उचलतात. मोठ्यांनी ठेवलेली पाण्याची वाटीही तीच मुले पाहतात.

तेव्हा येत्या रविवारी चाळीची बैठक घ्या. मजल्यावर वीस खोल्या असतील आणि प्रत्येकीने महिन्याला 10 रुपये काढले तर 200 रुपये होतात. पिंजरा नेण्या-आणण्याचे रिक्षाभाडे आणि औषध त्यातून सुटेल. मोजणी तरुण मुलांनी करावी, जागेची देखरेख महिला मंडळाने करावी, चौकशीला कमिटीने जावे. पहिल्याने माद्यांची ऑपरेशने उरकावीत, मग बोक्यांची.

आणि बैठकीला त्या मावशीला अवश्य बोलवा. कोणती मांजरी गाभण आहे आणि कोणता बोका कुठे झोपतो, हे तिच्याइतके कुणालाच ठाऊक नाही. आजवर तिने शिव्या खाल्ल्या. आता तिला सोबत द्या.