एचडीआर व्हिडिओची साईज कमी केली की रंग फिके का पडतात?

समजा, आष्ट्याच्या भावईचा १५ मिनिटांचा व्हिडिओ एकाने आयफोनवर ४के एचडीआरमध्ये शूट केला. मोबाईलवर बघताना कपड्यांचे रंग, दिव्यांचा उजेड एकदम झकास. पण पुण्यातल्या भावाला पाठवायला गेला तर फाईल निघाली अडीच जीबीची, आणि व्हॉट्सॲपची मर्यादा आहे २ जीबी. मग एका ॲपमधून फाईल छोटी केली. फाईल गेली खरी, पण पलीकडून विचारणा झाली, "व्हिडिओ असा धुरकट का दिसतोय?"

तर आधी बघूया, एचडीआर म्हणजे नेमकं काय?

साध्या व्हिडिओत लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ छटा असतात. याला ८-बिट म्हणतात. एचडीआर व्हिडिओ सहसा १०-बिट असतो, म्हणजे प्रत्येकी १०२४ छटा. त्यामुळे एकूण रंग दीड-पावणेदोन कोटींवरून थेट १०७ कोटींवर जातात. शिवाय उजेड आणि रंग मोजायची पद्धतही वेगळी असते. ती कोणती आहे, याची नोंद फाईलमध्येच लिहिलेली असते.

गडबड होते ती इथंच. सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये लिहिलेला आकडा कोणी एकर-गुंठे समजून वाचला, तर हिशोब चुकणारच. छोटी फाईल बनवताना ॲपने ही नोंद गाळली, की स्क्रीन एचडीआरचे आकडे साध्या व्हिडिओचे समजून वाचते. आकडे तेच, पण माप चुकलं, म्हणून रंग फिके पडतात. त्यातच १०-बिटचं ८-बिट केलं, की मावळतीच्या आभाळात पट्टे दिसायला लागतात.

मग साईज कमी करायला एचडीआर काढूनच टाकायचं का?

तर नाही. फाईलची साईज ठरते बिटरेटवर, म्हणजे एका सेकंदाला किती डेटा खर्च होतो यावर. आयफोनच्या ४के, ३० फ्रेमच्या व्हिडिओला मिनिटाला साधारण १७० एमबी लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे २३ मेगाबिट. हाच बिटरेट ८ मेगाबिटवर आणला तर मिनिटाला ६० एमबी पुरतात. अडीच जीबीची फाईल ९०० एमबीवर येते आणि एचडीआरही टिकतं. बारीक तपशील थोडे कमी होतात, पण मोबाईलच्या स्क्रीनवर ते सहसा जाणवत नाही.

यासाठी दोन रस्ते आहेत.

पहिला, एचडीआर ठेवून साईज कमी करणे. हँडब्रेक हे कॉम्प्युटरवर चालणारं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात 'एच.२६५ १०-बिट' हा पर्याय निवडायचा. ४के व्हिडिओसाठी क्वालिटीचा आकडा २२ ते २८ च्या दरम्यान ठेवायचा. आकडा जितका मोठा, तितकी फाईल छोटी.

दुसरा, समोरच्याचा मोबाईल किंवा टीव्ही जुना असेल तर व्हिडिओ रीतसर साधा करून पाठवणे. याला टोन मॅपिंग म्हणतात. यात एचडीआरचा उजेड आणि रंग साध्या स्क्रीनच्या मापात मोजून बसवले जातात. एफएफएमपेग या मोफत साधनात यासाठी वेगळा फिल्टर आहे. यूट्यूबवर एचडीआर व्हिडिओ टाकला, तर साध्या स्क्रीनसाठीची प्रत यूट्यूब स्वतःच बनवतं.

हा व्याप नको असेल, तर शूटिंगच्या आधीच आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग रेकॉर्ड व्हिडिओ इथं जाऊन एचडीआर बंद करता येतं.

कोणताही रस्ता धरला तरी आधी एका मिनिटाचा तुकडा करून बघावा. तो दुसऱ्या मोबाईलवर नीट दिसला, तरच पूर्ण व्हिडिओ करायला घ्यावा. आणि मूळ फाईल लगेच डिलीट करू नये. छोट्या फाईलमधून गेलेले रंग नंतर कोणत्याच ॲपने जसेच्या तसे परत येत नाहीत, आणि यंदाची भावई काही पुन्हा शूट करता येत नाही.